शेवटचा अंक

दरवर्षीं स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले कीं आमच्या टेबलावर नाटकांच्या वह्या जमूं लागतात. कोणाची वही पाठपोट भरलेली असते, तर कोणाच्या वहींत अर्धीं पानें गणिताचीं व अर्धीं नाटकाचीं असतात. परंतु बहुतेक वह्यांची कथा एकच. पहिला अंक मोठ्या उत्साहानें लिहिलेला असतो. पात्रें एकामागून एक येतात, भांडतात, कट रचतात, विनोद करतात. दुसऱ्या अंकांत घोंटाळा चांगलाच वाढतो. आणि मग तिसऱ्या अंकाच्या आरंभीं अक्षर मोठें होऊं लागतें, ओळींमधील अंतर वाढतें, आणि शेवटीं एक कोरें पान येतें. तें कोरें पान उघडें धरून लेखक दाराशीं उभा राहतो व विचारतो, "सर, शेवट कसा करूं?"

गेलीं वीस वर्षें आम्ही हा प्रश्न ऐकत आलों आहों. त्यांतील पहिलीं कित्येक वर्षें आम्हीं त्याचें उत्तर चुकीचें दिलें, हें आरंभींच कबूल करणें बरें. ती चूक कशी झाली हें सांगितल्यावांचून पुढील विवेचनास अर्थ राहणार नाहीं, म्हणून प्रथम तीच हकीगत सांगतों.

सुमारें बारा वर्षांपूर्वींची गोष्ट. नववींतील एका विद्यार्थ्यानें चार प्रवेशांचें एक लहानसें नाटक लिहून आणिलें. त्यांतील बाप सुतार होता. हात चांगला; पण मजुरी गुत्त्यांत जाई. आई चार घरचीं धुणींभांडीं करून मुलाच्या परीक्षेच्या फीसाठीं पैसे सांठवी आणि ते ज्वारीच्या डब्यांत तळाशीं लपवी. पहिल्याच प्रवेशांत आई पैसे डब्यांत ठेवते आणि मुलाला बजावते, "कोणापाशीं बोलूं नको." शेवटच्या प्रवेशांत बाप डबा शोधून काढतो, ज्वारी जमिनीवर ओततो, पैसे घेतो, आणि उंबऱ्याशीं येतो तों मुलगा समोर उभा. दोघे एकमेकांकडे पाहतात. मुलगा बाजूला होतो. बाप निघून जातो. मुलगा सांडलेली ज्वारी गोळा करून डब्यांत भरतो, झांकण लावतो, आणि पडदा पडतो.

आम्हीं ती वही वाचली व विद्यार्थ्यास बोलावून सांगितलें, "बाळ, नाटक बरें आहे, पण हा शेवट चालायचा नाहीं. समोर पालक बसणार, पाहुणे बसणार. बापाला पश्चात्ताप झाला पाहिजे." विद्यार्थी कांहीं बोलला नाहीं. दोन दिवसांनीं त्यानें नवा शेवट लिहून आणिला. जुनें पान आमच्याच सांगण्यावरून त्यानें फाडून टाकलें होतें. नव्या शेवटांत बाप मुलाला पाहून थबकतो, पैसे परत देतो, बाटली फोडतो, आणि दारूच्या दुष्परिणामांवर एक लांबलचक भाषण करतो. संमेलनांत त्या भाषणाला टाळ्या पडल्या. अध्यक्षांनीं नाटकाची मुद्दाम स्तुति केली. दुसऱ्या दिवशीं वही परत नेतांना तो मुलगा एवढेंच म्हणाला, "सर, लोकांना आवडलं. पण तसं होत नाहीं."

त्याला हें कसें ठाऊक, हें विचारण्याचें धैर्य त्या वेळीं आम्हांस झालें नाहीं. त्याचें तें वाक्य मात्र आम्हांस विसरतां आलें नाहीं. त्या दिवसापासून नाटकाचा शेवट म्हणजे नेमकें काय, तो प्रेक्षकास समाधान केव्हां देतो, आणि ही कला शिकतां व शिकवितां येते काय, याचा आम्ही विचार करीत आहों. त्यांतून जें हातीं लागलें तें विद्यार्थ्यांपुढें आणि त्यांच्या पालकांपुढें ठेवावें, असा या लेखाचा हेतु आहे.

शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणिली तर ती केव्हां तरी परत करावी लागते, हा आपल्या घराघरांतील व्यवहार आहे. नाटककाराचाहि व्यवहार असाच आहे. पहिल्या अंकांत तो प्रेक्षकांपासून उसनें घेत असतो. अमक्यानें पत्र लपविलें, तमकीनें शपथ घेतली, एका भावानें दुसऱ्यास घराबाहेर काढलें, असें कांहीं रंगभूमीवर घडलें कीं प्रेक्षक आपलें कुतूहल, आपली काळजी, थोडी थोडी नाटककाराच्या हवालीं करतो. शेवटचा अंक म्हणजे ही उसनवारी फेडण्याची वेळ. ज्यानें पहिल्या अंकांत कांहीं घेतलेंच नाहीं त्याला फेडावयास कांहीं उरत नाहीं; आणि ज्यानें ज्वारी नेली व फुलें परत केलीं, त्याच्यावर शेजारीण प्रसन्न होणार नाहीं, मग तीं फुलें कितीहि सुवासिक असोत. आमच्या त्या विद्यार्थ्याकडून आम्हीं फुलेंच परत करविलीं.

हा विचार आमचा नवा नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्रांत नाटकाच्या कथानकाचे पांच संधि सांगितले आहेत : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. मुखसंधींत बीज पेरावयाचें, मधल्या संधींत तें कधीं दिसावें, कधीं दिसेनासें व्हावें, आणि निर्वहणांत इकडे तिकडे पसरलेलें सारें एका ठिकाणीं आणून फळास न्यावयाचें. नाटकांतील कार्याच्या ज्या पांच अवस्था शास्त्रकार मानतात, त्यांतील शेवटच्या अवस्थेचें नांवच फलागम असें आहे. बीज आणि फळ हे शब्द त्यांनीं उगाच योजिले नाहींत. आंब्याच्या कोयीला फणस लागत नाहीं. म्हणून "शेवट कसा करूं?" या प्रश्नाचें पहिलें उत्तर असें कीं, शेवटाकडे पाहूं नका, पहिला अंक पुन्हां वाचा.

याचें सर्वांत सुंदर उदाहरण शाकुंतलाचें आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास संगीत शाकुंतलाचा पहिला प्रयोग केला, तेव्हां पहिले चारच अंक दाखविले होते. उरलेले अंक मागाहून रंगभूमीवर आले. चौथा अंक म्हणजे शकुंतलेच्या पाठवणीचा. त्या रात्रीं प्रेक्षक शकुंतलेस सासरीं पाठवून आपापल्या घरीं गेले. तो अंक इतका हृदयस्पर्शी आहे कीं नाटक तेथेंच संपलें असें एखाद्यास वाटावें. परंतु त्याच अंकाच्या आरंभीं दुर्वासानें शाप दिला आहे. तो शाप डोक्यावर टांगलेला असतांना पडदा पडला, तर डोळे भरून येतील. मन मात्र स्वस्थ होणार नाहीं.

आतां सहाव्या अंकाकडे पाहा. कोळ्यास माशाच्या पोटांत अंगठी सांपडली, ती राजाच्या हातीं आली, आणि राजाला सर्व आठवलें. आमचा एखादा विद्यार्थी येथें काय करील? तो म्हणेल, अंगठी मिळाली, शाप संपला, आतां शकुंतलेस बोलवा आणि दोघांची भेट घडवा. कालिदास तसें करीत नाहीं. अंगठीनें राजाची स्मृति परत आणिली. शकुंतला परत आणिली नाहीं. पांचव्या अंकांत राजानें तिला पुरोहितासमक्ष, ऋषिकुमारांसमक्ष नाकारलें होतें. तें ऋण अंगठीनें फिटण्यासारखें नव्हतें. त्यासाठीं कवीनें संपूर्ण सातवा अंक खर्च केला. मारीच ऋषींच्या आश्रमांत राजा प्रथम एका मुलाला पाहतो. तो मुलगा सिंहाच्या बच्च्याचें तोंड उघडून त्याचे दांत मोजूं पाहत आहे. हा आपला पुत्र हें राजास अजून ठाऊक नाहीं, तरी जीव ओढ घेतो. मुलाच्या हातचा रक्षेचा ताईत गळून पडतो, आणि आईबापांवांचून कोणीं उचलला तर सर्प होणारा तो ताईत राजा सहज उचलतो. मग मलिन वस्त्रांतील, एकवेणी शकुंतला येते, आणि भर सभेंत तिला नाकारणारा राजा तिच्या पायां पडतो. तो अंगठी पुढें करतो, तेव्हां ती म्हणते कीं, हिच्यावर माझा विश्वास नाहीं. ही आपल्याच बोटांत असूं द्या. जिच्या अभावीं ती परकी ठरली, ती वस्तु आतां तिला नको आहे. विद्यार्थिमित्रांनो, याला फेड म्हणतात. ज्या वस्तूनें गांठ बसली तीच वस्तु पुन्हां रंगभूमीवर येते, परंतु तिचा अर्थ पालटलेला असतो.

दुसरी गोष्ट. गांठ ज्यांनीं घातली त्यांनींच ती सोडविली पाहिजे. बाहेरच्यानें येऊन ती कापूं नये. प्राचीन ग्रीक रंगभूमीवर पात्रास उंच उचलून दाखविण्यासाठीं एक यारी असे, आणि कित्येक नाटकांत शेवटीं तिच्यावरून देव अवतरून सर्वांचे प्रश्न सोडवी. ॲरिस्टॉटल या तत्त्ववेत्त्यास ही युक्ति पसंत नव्हती. कथानकाचा उलगडा कथानकांतूनच झाला पाहिजे, यारींतून नव्हे, असें त्यानें काव्यशास्त्रावरील आपल्या ग्रंथांत म्हटलें आहे, आणि उदाहरण म्हणून युरिपिडीस याच्या "मेडिया" या ख्रि. पू. ४३१ मधील नाटकाकडे बोट दाखविलें आहे. तेथें नायिका शेवटीं सूर्यदेवाच्या रथांतून निसटून जाते.

आमच्या विद्यार्थ्यांच्या नाटकांत रथ येत नाहीं. परंतु यारी असतेच. पूर्वीं ती पोस्टमनचें रूप घेऊन येई. ऐन वेळीं तार येई आणि आफ्रिकेंतील काकांनीं सारी इस्टेट नायकाच्या नांवें केल्याचें कळे. आतां तार राहिली नाहीं. तिच्या जागीं मोबाईलची घंटा वाजते. कधीं हरवलेला भाऊ पोलिस अधिकारी होऊन येतो, तर कधीं दुष्ट सावकार मोटारीखालीं सांपडतो. योगायोगास नाटकांत जागाच नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. योगायोगानें नाटक खुशाल सुरू व्हावें. योगायोगानें तें संपूं नये.

येथें कोणी विचारील कीं, किर्लोस्करांच्याच सौभद्रांत तर प्रत्यक्ष भगवान् श्रीकृष्ण सर्व घडवून आणितात, मग तें कसें चालतें? प्रश्न योग्य आहे. १८८२ सालीं रंगभूमीवर आलेलें हें नाटक आजहि आनंदानें पाहिलें जातें, आणि त्यांतील सुखाचा शेवट कोणास खोटा वाटत नाहीं. याचें कारण असें कीं, येथें कृष्ण शेवटीं यारीवरून उतरत नाहीं. त्याची मसलत आधींपासूनच चाललेली असते. बलरामाला ती कळत नाहीं, पण प्रेक्षकांस कळत असते. तेव्हां अर्जुनाचें व सुभद्रेचें लग्न होईल कीं नाहीं, ही प्रेक्षकांची काळजी नसतेच. बलरामाला हें केव्हां कळणार आणि तो काय म्हणणार, याची त्यांना उत्सुकता असते. तीच उत्सुकता नाटककारानें उसनी घेतली व तीच शेवटीं फेडली.

तिसरी गोष्ट देवलांच्या शारदेवरून ध्यानांत येईल. १८९९ सालीं रंगभूमीवर आलेल्या या नाटकांत लोभी कांचनभट आपल्या लहान मुलीस, शारदेस, म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यांत बांधावयास निघतो. वर आणि वधू एकाच गोत्राचे आहेत हें उघडकीस येऊन लग्न मोडतें. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. सामान्य लेखकानें येथेंच पडदा पाडला असता, आणि टाळ्याहि भरपूर मिळाल्या असत्या. परंतु देवलांनीं विचार केला कीं, लग्न मोडलें हें ठीक. पण ऐन मांडवांत जिचें लग्न मोडलें त्या मुलीचें पुढें काय? त्या काळच्या समाजांत अशा मुलीस कोण पत्करणार? शारदा जीव द्यावयास जाते. कोदंड तिला वांचवितो, आणि शंकराचार्यांची अनुज्ञा मिळाल्यावर त्या दोघांचा विवाह होतो. आचार्यांचा निर्णय हा काहींसा बाहेरून आलेला वाटतो, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो आम्ही अगदींच अमान्य करणार नाहीं. तरीहि देवलांचा धडा मोलाचा आहे. संकट टळलें म्हणजे नाटक संपलें असें नव्हे. ज्या माणसावर तें संकट आलें होतें, त्याचें काय झालें, हें सांगितल्यावरच नाटक संपतें.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण, आणि आमची स्वतःची चूक तिच्याविषयींच झाली. ती म्हणजे, शेवट पात्राच्या स्वभावांतून आला पाहिजे, लेखकाच्या किंवा शिक्षकाच्या इच्छेंतून नव्हे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं वारले, आणि त्यांचें "एकच प्याला" त्यानंतर रंगभूमीवर आलें. सुधाकर हा हुशार, मानी वकील. अपमानाच्या भरांत त्यानें एक प्याला घेतला आणि तेथून घसरण सुरू झाली. मध्यंतरीं तो दारू सोडण्याचा निश्चय करतो. तो निश्चय टिकत नाहीं. शेवटीं मूल जातें, सिंधु जाते, आणि ज्याचा आरंभ एका प्याल्यानें झाला त्याचा अंत विषाच्या एका प्याल्यानें होतो. गडकऱ्यांस सुधाकराला वांचवितां आलें नसतें काय? दहा ओळींत वांचवितां आलें असतें. परंतु मग त्या पूर्वींच्या मोडलेल्या निश्चयाचें काय झालें असतें? प्रेक्षकानें मनांत म्हटलें असतें कीं, हा उद्यां पुन्हां पिणार. गडकऱ्यांच्या पात्रांच्या तोंडीं लांब लांब भाषणें आहेत, हें खरें. पण त्या भाषणांनीं सुधाकर वांचत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. म्हणूनच घरोघरच्या बायकांनीं त्या नाटकांत आपलें दुःख पाहिलें.

शेवट गोड करून मागण्याची संवय आमच्यासारख्या शिक्षकांनाच आहे असें मात्र नव्हे. शेक्सपिअरच्या "किंग लिअर"चा शेवट फार भयंकर म्हणून नेहम टेट नांवाच्या लेखकानें १६८१ सालीं तो पालटला. त्याच्या नाटकांत धाकटी मुलगी कॉर्डेलिया जगते, तिचें लग्न होतें, आणि लिअरला राज्य परत मिळतें. १८३८ सालीं मॅक्रेडी या नटानें मूळ नाटक पुन्हां रंगभूमीवर आणीपर्यंत, सुमारें दीडशें वर्षें, बहुतेक टेटचेंच रूप चालत होतें. पण मूळ नाटकांत पहिल्या अंकांत लिअर मुलींना विचारतो कीं, तुमचें माझ्यावर किती प्रेम आहे तें बोलून दाखवा. आणि कॉर्डेलिया कांहींच बोलत नाहीं. शेवटीं तोच म्हातारा तिचें प्रेत हातांवर घेऊन येतो आणि तिच्या ओंठांकडे पाहत राहतो, कीं त्यांतून एखादा श्वास तरी येईल. ज्या ओंठांपासून त्यानें शब्द मागितले, त्यांच्याचकडे तो आतां श्वास मागत आहे. टेटनें कॉर्डेलियेला वांचविलें. पण पहिला अंक मारला.

नॉर्वेच्या इब्सेनवर तर ही पाळी त्याच्या हयातींतच आली. त्याच्या "अ डॉल्स हाउस" या १८७९ सालच्या नाटकांत नोरा ही नायिका शेवटीं नवऱ्याचें घर सोडून जाते. जर्मनींतील एका प्रसिद्ध नटीनें हा शेवट करण्याचें नाकारलें. आपण स्वतः मुलांना टाकून कधींहि गेलों नसतों, असें तिचें म्हणणें. दुसऱ्या कोणीं नाटकाची मोडतोड करण्यापेक्षां आपणच केलेली बरी, म्हणून इब्सेननें निराळा शेवट लिहून दिला. त्यांत नवरा नोरेस मुलांच्या खोलीच्या दाराशीं नेतो आणि ती तेथेंच खचून बसते. परंतु स्वतः लिहिलेल्या त्या शेवटास तो रानटीपणा म्हणे. आज बहुतेक सर्वत्र मूळ शेवटच खेळला जातो. त्या नटीचें म्हणणें तिच्या दृष्टीनें खरें असेल. पण प्रश्न तिचा नव्हता, नोरेचा होता. आम्हीं आमच्या विद्यार्थ्याशीं हीच चूक केली. सुताराच्या घरांतील प्रश्न आम्हीं पाहुण्यांच्या खुर्च्यांवरून सोडविला.

यावरून दुःखाचा शेवट तेवढा खरा आणि सुखाचा शेवट खोटा, असा समज मात्र कोणीं करून घेऊं नये. अलीकडे कित्येक वह्यांत तिसऱ्या अंकांत सर्व पात्रें मरतात, आणि लेखकाला वाटतें कीं आपलें नाटक गंभीर झालें. कारणावांचून पात्र मारणें हीहि यारीच आहे. फक्त ती वर नेण्याऐवजीं खालीं नेते. शाकुंतल आणि सौभद्र सुखान्त आहेत, एकच प्याला आणि लिअर शोकान्त आहेत. चारहि पाहून प्रेक्षक तृप्त होऊन उठतो. तेव्हां समाधान ही गोष्ट सुखाहून निराळी आहे. पहिल्या अंकापासून जें मनांत अडकून राहिलें होतें तें योग्य जागीं जाऊन बसलें, असें वाटणें म्हणजे समाधान.

आतां जे लिहूं इच्छितात त्यांच्यासाठीं चार व्यवहाराच्या सूचना करतों. पहिली : वहीच्या एका पानावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे "घेतलें" आणि उजवीकडे "फेडलें" असें लिहा. पहिल्या अंकांत जी जी वस्तु, शपथ, गुपित, भांडण आलें असेल तें डावीकडे मांडा. उजवी बाजू जेथें रिकामी दिसेल तेथें तुमच्या शेवटाचें काम उरलें आहे. आधीं एखाद्या प्रसिद्ध नाटकावर हा प्रयोग करून पाहा. शारदेपासून सुरुवात करण्यास हरकत नाहीं. दुसरी : शेवटचा प्रवेश वाचण्यापूर्वीं थांबून एखाद्या मित्रास विचारा, "आतां तुला काय पाहायचं आहे?" तो कांहींच सांगूं शकला नाहीं, तर शेवट नव्हे, पहिला अंक पुन्हां लिहावयास हवा. तिसरी : शेवटचें भाषण खोडून नाटक मोठ्यानें वाचा. दहांतील आठ वेळां नाटक त्या भाषणाच्या आधींच संपलेलें असतें, आणि लेखकास तें कळलेलें नसतें. बोलण्याऐवजीं नटास कांहीं तरी करावयास द्या : दिवा मालवणें, पत्र घडी करून ठेवणें, डब्याचें झांकण लावणें. चौथी : शेवट लांबवूं नका. नाटकाची रचना गाईच्या शेंपटीच्या टोंकाप्रमाणें असावी असें भरतानें म्हटलें आहे; त्याचा एक अर्थ असा सांगतात कीं, पुढचे अंक क्रमाक्रमानें आंखूड होत जावे. आणि शेवट कांहीं केल्या खरा उतरत नसेल, तर तो खोटा करण्यापेक्षां वही मिटून ठेवा. गडकऱ्यांचें "राजसंन्यास" अपुरेंच राहिलें. तरी लोक तें आजहि वाचतात.

पालकांसहि थोडें सांगावयाचें आहे. आपलें मूल नाटक लिहितें तेव्हां तें केवळ संमेलनाची करमणूक तयार करीत नसतें. या कृत्याचा परिणाम काय होईल, हा माणूस या प्रसंगीं काय करील, अपराधाची भरपाई कशानें होते, शब्दानें कीं कृतीनें, असल्या प्रश्नांचा तें कदाचित् आयुष्यांत प्रथमच स्वतंत्रपणें विचार करीत असतें. अशा वेळीं आपण "शेवट गोड कर" म्हणून हट्ट धरला, तर मूल एक निराळाच धडा शिकतें : मोठ्या माणसांपुढें खरें बोलावयाचें नसतें, त्यांना आवडेल तें बोलावयाचें असतें. नीति शिकविण्याच्या भरांत आपण त्याला असत्य शिकवितों. मुलाच्या वहींत घरांतील एखादी अप्रिय गोष्ट डोकावली, तर रागावण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. कदाचित् तें आपल्याशीं बोलण्याचा हाच एक मार्ग त्याला सांपडला असेल.

राहतां राहिला तो सुताराच्या मुलाचा शेवट. पुष्कळ विचार केल्यावर आम्हांस असें वाटतें कीं, त्याचा पहिला शेवटहि पुरा नव्हता. पैसे आईनें ठेवले होते. पहिल्या प्रवेशांतील उसनवारी तिच्या नांवावर होती. आणि शेवटच्या प्रवेशांत ती कोठेंच नव्हती. ती कामावरून परत येते, डबा उचलते, आणि त्याचें वजन तिच्या हातास कळतें. मुलगा समोर आहे. तो तिला काय सांगतो? बापाचें नांव सांगतो कीं गप्प राहतो? ती विचारते तरी कीं नाहीं? खरें नाटक त्या क्षणांत होतें, आणि तें त्या मुलास लिहितां आलें असतें. त्याला आमच्याकडून पश्चात्तापाचें भाषण नको होतें, "तुझ्या नाटकांतली आई शेवटीं कुठं आहे?" एवढाच प्रश्न हवा होता. तो आम्हीं विचारला नाहीं, आणि तें पानहि राहूं दिलें नाहीं.

असो. यंदाहि वह्या येऊं लागल्या आहेत. जो कोणी कोरें पान घेऊन दाराशीं येईल, त्यास आम्ही शेवट सांगणार नाहीं. त्यास बसवून घेऊं, पहिला अंक मोठ्यानें वाचावयास लावूं, आणि विचारूं कीं, कोणाचें देणें राहिलें आहे.